फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेवरून कॅबूस इतक्या लवकर का गेला?

आपल्या मालगाडीच्या गार्डच्या डब्याचा अमेरिकी भाऊ म्हणजे कॅबूस. तो तेथील बहुतेक रेल्वेंवरून १९८० च्या दशकात गेला. जॅक्सनव्हिल ते मायामी धावणाऱ्या या एका राज्यापुरत्या रेल्वेवर मात्र त्याची गरज त्याआधीच संपली होती आणि माझ्या मते यामागे यंत्रापेक्षा संपाचा वाटा मोठा आहे. जानेवारी १९६३ मध्ये कामगार संघटनांनी वेतनासाठी सुरू केलेला संप वर्षानुवर्षे चिघळला, व्यवस्थापनाने मोजक्या माणसांवर गाड्या चालवायला सुरुवात केली, आणि पाच जणांचे काम दोघांवर आल्यावर शेवटच्या डब्यात बसून तापलेले अॅक्सल, सुटलेला डबा किंवा ब्रेकमधील हवेचा दाब पाहायला माणूसच उरला नाही. १९६९ च्या सुमारास गाडीच्या शेवटच्या डब्याला लावायचे उपकरण सर्वप्रथम याच रेल्वेने वापरले, असे सामान्यतः मानले जाते. पुढे अशा उपकरणांनी हवेचा दाब रेडिओने इंजिनापर्यंत कळवण्याचे कामही उचलले, तर तापलेले अॅक्सल रुळांलगत बसवलेली शोधक यंत्रे टिपू लागली. इतर मोठ्या रेल्वेंना कॅबूसशिवाय गाड्या चालवण्याची मुभा १९८२ च्या कामगार करारानंतर मिळत गेली.