आदबीच्या प्रश्नातला शब्दक्रम

मालवणच्या धक्क्यावर सिंधुदुर्ग किल्ला पाहायला आलेल्या परदेशी पाहुण्यांना तुम्ही ‘व्हेन डज युअर ट्रेन लीव्ह?’ असे इंग्रजीत अचूक विचारता, परंतु आदबीने विचारताना तेच शब्द ‘कुड यू टेल मी’पुढे जसेच्या तसे ठेवता, आणि तेथे चुकते. अशा दुसऱ्या वाक्यात गुंफलेल्या, म्हणजे अप्रत्यक्ष प्रश्नात कर्ता आधी व क्रियापद नंतर, असा साध्या विधानाचा क्रम येतो. ‘डज’ गळतो आणि त्याचा ‘एस’ मूळ क्रियापदाकडे परत जाऊन ‘व्हेन युअर ट्रेन लीव्हज’ असे होते. हा ‘एस’ मीही बरीच वर्षे विसरत असे, म्हणून वाक्य मोठ्याने म्हणून पाहावे. मराठीत ‘गाडी कधी सुटते’ याला ‘ते सांगाल का’ हे काहीही न बदलता जोडता येते, त्यामुळेच आपली गफलत होते, असे मला वाटते. हो-नाहीच्या प्रश्नात मात्र जोडायला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागतो : ‘डू यू नो इफ द फोर्ट इज ओपन?’