सुपरहिरो आपल्या प्रेयसीपासून खरी ओळख का लपवतात? आणि ब्लॅक कॅटचं 'दुर्दैव' ही शक्ती म्हणायची का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की 'तिच्या जिवाला धोका नको म्हणून लपवतात' हे कारण तुम्हाला पटतं, फक्त ब्लॅक कॅटच्या (स्पायडरमॅनच्या गोष्टींतली चोर, वाटेत येईल त्याला दुर्दैव भोगायला लावणारी) बाबतीत ते बसत नाही. वाचायला सुरुवात कुठून करू, असंही विचारलंय.

मला ते कारण कुणाच्याच बाबतीत पटत नाही. आधी थोडंफार पटायचं, २००८ च्या ऑगस्टनंतर अजिबात नाही.

स्पायडरमॅनच्या प्रेयसीचं, ग्वेन स्टेसीचं बघा. पीटरनं तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. १९७३ च्या जूनच्या अंकात ग्रीन गॉब्लिननं तिला पुलावरून खाली टाकलं, का तर पीटर हाच स्पायडरमॅन हे गॉब्लिनला ठाऊक होतं. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं त्याला सगळा पत्ता, आणि जिच्यासाठी लपवलं ती पोरगी काही न कळता गेली. तिकडे सुपरमॅनची लोइस लेन १९३८ च्या पहिल्या अंकापासून क्लार्कबरोबर (म्हणजे चष्मा लावलेल्या सुपरमॅनबरोबरच) एकाच कचेरीत, स्वतः बातमीदार, आणि मुख्य कथेत क्लार्क तिला खरं सांगतो कधी, तर १९९१ साली, साखरपुडा झाल्यावर. त्रेपन्न वर्षं एका चष्म्यावर काढली. याला लेखकांची सोय म्हणा हवं तर, माझी हरकत नाही. पण गोष्टीतल्या माणसाचं कारण मला विचाराल तर ते साधं आहे. त्याला भीती असते की मुखवटा काढल्यावर समोरचीचं तोंड उतरेल. जिवाच्या धोक्याचं नाव पुढे केलं की ती भीती कबूल करावी लागत नाही.

आता ब्लॅक कॅट. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी मंगळाची मुलगी आहे.

माझा जन्म मे १९८६ चा, नाशिकचा. आईच्या ट्रंकेत दवाखान्याचं पिवळं पडलेलं कार्ड आहे, त्यावर निळ्या शाईत लिहिलंय: मुलगी, २ किलो ८००, सकाळी ६.१०. या सहा-दहाला वृषभ लग्न येतं आणि धनूतला मंगळ अष्टमात पडतो. अष्टमातला मंगळ म्हणजे कडक, नवऱ्याच्या जिवावर बेतणारा वगैरे. मी एकवीस वर्षांची असताना पहिलं स्थळ 'पत्रिका जुळत नाही' म्हणून परत गेलं. त्यानंतर आमचा मामा कुठूनसा नवीन टिपण घेऊन आला. त्यात जन्मवेळ होती ५.५०. वीस मिनिटं मागे गेलं की मेष लग्न होतं आणि तोच मंगळ, तिथंच बसलेला, अष्टमातून उठून नवमात जातो. नवम म्हणजे भाग्यस्थान! मामा म्हणाला, "वीस मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय? त्या काळी दवाखान्यातली घड्याळं तरी कुठं बरोबर असायची?" गंमत म्हणजे छत्तीस गुणांचा हिशोब चंद्रावरून होतो, त्यामुळे तो दोन्ही पत्रिकांत अगदी सारखाच. फक्त मंगळ गायब.

आणि तेव्हा मला आधीच एक मुलगा आवडत होता. घरी माहीत नव्हतं.

तो भेटला देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या एका रद्दीच्या दुकानात. तिथं तोफखान्याच्या स्कूलमुळे फौजी कुटुंबं सारखी येत-जात असतात, आणि बदली झाली की पोरांची इंग्रजी कॉमिक्स रद्दीत जातात. त्यामुळे मुंबईत फ्लोरा फाउंटनला जे मिळत नसे ते कधीकधी देवळालीत पाच रुपयांत मिळायचं. आम्ही दोघांनी एकाच वेळी एका अंकाला हात घातला. १९८४ चा अंक, स्टेपलरच्या पिना गंजलेल्या, आणि मुखपृष्ठावर कुणा फौजी पोरानं स्पायडरमॅनच्या मुखवट्यावर बॉलपेननं झुपकेदार मिशा काढलेल्या. मी तो घेतला. तो म्हणाला, "वाचून झाला की द्याल का?" असं सुरू झालं.

त्या अंकात काय आहे? फेलिशिया हार्डी, म्हणजे ब्लॅक कॅट, पीटरसोबत आहे आणि तो एकदाचा तिच्यासमोर मुखवटा काढतो. आतून निघतो एक साधा पोरगा, फोटो विकून भाडं भरणारा. तिचा विरस होतो. तिला तो मुखवटा परत हवा असतो. तिचं प्रेम भिंतीवर चढणाऱ्यावर, भाडं थकवणाऱ्यावर नाही. इतर सगळीकडे नायक सांगत नाही म्हणून रडारड होते, इथे त्यानं सांगितलं म्हणून झाली. म्हणून तुम्हाला ती सूत्रात बसत नाहीये.

तुमचा शक्तीचा प्रश्नही इथंच सुटतो. १९७९ साली ती पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे कसलीही शक्ती नव्हती. आधी जाऊन सापळे लावून ठेवायचे आणि वेळेवर काही कोसळलं की 'माझ्या वाटेला गेलास ना, भोग' असा आव आणायचा. नुसती हवा. खरी शक्ती तिला १९८४ मध्ये मिळाली, तीही किंगपिन नावाच्या गुंडांच्या म्होरक्याच्या पैशानं, आणि हे तिनं पीटरपासून लपवलं. पुढे त्या दुर्दैवाची झळ पीटरलाच लागायला लागली. शेवटी डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराकडे जाऊन उतारा काढून घ्यावा लागला. (आमची आई याला 'त्र्यंबकला जाऊन शांत करून घेऊ' म्हणते. अठ्ठावीस किलोमीटर, एसटी आहे.) तेव्हा हो, शक्ती म्हणायची, पण कधीपासूनची ते पाहून. नशिबाचीच शक्ती असलेली आणखी दोन पात्रं बघा: लॉन्गशॉटचं (१९८५) नशीब मन स्वच्छ असेल तरच चालतं, डॉमिनोचं तिच्या बाजूनं चालतं. फेलिशियाचं एकटीचं असं आहे की जवळचा माणूस आधी भाजतो.

तर आमचं दोन वर्षं चाललं. २००६ मध्ये स्पायडरमॅननं सगळ्या जगासमोर मुखवटा काढला तेव्हाचे अंक आम्ही त्याच्या मोटारसायकलवर टेकून, कॉलेज रोडला एकाच छत्रीत वाचले. २००७ च्या शेवटी ते कुप्रसिद्ध प्रकरण आलं: मे काकूचा जीव वाचवायला पीटर आणि मेरी जेन सैतानाशी सौदा करतात आणि वीस वर्षांचं लग्न पुसून टाकतात. माझं डोकं फिरलं होतं. तो म्हणाला, "बरोबरच केलं. काकू वाचत असेल तर लग्न काय, परत करता येईल." मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं.

घरी कळलं, त्याच्या आईनं पत्रिका मागितली, मामानं नवीवाली दिली, जुळली. ऑगस्टच्या शेवटी साखरपुडा ठरला. मला झोप लागेना.

सोमेश्वरला सांगितलं त्याला. धबधबा भरून वाहत होता, काठावर कणसंवाल्यांची रांग. त्याच्या हातात कणीस होतं आणि तो त्यावर मीठ लावलेलं लिंबू फिरवत होता. मी सहा-दहा, पाच-पन्नास, अष्टम, नवम सगळं सांगितलं. तो लिंबू फिरवतच राहिला. साल उरली होती नुसती, तरी फिरवत होता. मग म्हणाला, "बरं. पण हे आता कशाला सांगितलंस?" आणि थोड्या वेळानं, "आईला सांगू नकोस. कुणालाच सांगू नकोस. आहे ती पत्रिका छान आहे."

म्हणजे मुखवटा परत घाल.

मी घातलाही असता. बावीस वर्षांची होते. पण आठ दिवसांत तो नाशिकच्याच द्वारका चौकात चिखलावरून घसरला, हाताला प्लास्टर. हसत म्हणाला, "लागला बघ तुझा मंगळ." मीही हसले. मग त्याचे वडील न्हाणीत घसरले, तेव्हा फोनवर परत तेच, हसणं जरा कमी. मग सातपूरला त्याच्या कंपनीनं ट्रेनी मुलं कमी केली, त्यात तो होता. या वेळी तो काही बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. पावसाळ्यात द्वारकेला निम्मं नाशिक घसरतं हो! पण ती नजर मी विसरू शकत नाही. शेवटी आईला त्यानंच सांगितलं. साखरपुड्याच्या चार दिवस आधी मध्यस्थाचा फोन आला.

आता मामा. गेली सोळा-सतरा वर्षं दर भाऊबीजेला, फराळाचं ताट समोर आलं की मामा सुरू होतो: "गप्प बसली असतीस तर आज त्याच्या घरी नांदत असतीस. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास." आणि मामाच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे मला जास्त लागतं. सांगितलं नसतं तर तो घसरला असता, प्लास्टर लागलं असतं आणि गोष्ट तिथंच संपली असती. त्याच्या डोक्यात मंगळ आलाच नसता.

माझ्या आला असता पण. मामा, हे तुम्ही वाचणार नाही, तुमच्या नातीनं वाचून दाखवलं तरच. त्याची गाडी पंक्चर झाली की मी मोजलं असतं. त्याला ताप आला की मोजलं असतं. पोराच्या बाराव्या दिवशी, घरभरणीला, प्रत्येक वेळी ते पिवळं कार्ड आठवलं असतं. मी पत्रिका मानत नाही असं सगळीकडे सांगते, आणि मानत नाहीच, तरी मोजलं असतं. फेलिशियाचे ते अंक मला म्हणून बघवत नाहीत. पीटरचे दिवस वाईट का चाललेत हे त्याला कळत नाही आणि ती शेजारी बसलेली असते, सगळं माहीत असून. तुमची वीस मिनिटं तुम्ही टिपणात लिहून मोकळे झालात, ती पाळायची मला होती.

असो. तुमच्या प्रश्नावर येते.

ओळख लपवणं सगळीकडे सारखं नसतं हेही सांगायला हवं. राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुव १९८७ पासून उघड्या तोंडानं फिरतोय, त्याला काही लपवायचं नाही. लपवतात त्याच्याभोवतीच्या बायका. बहीण श्वेता चंडिका होऊन हिंडते, आणि मैत्रीण रिचा मुखवटा घालून होते कोण, तर ब्लॅक कॅटच (नाव तेच, पात्र वेगळं). इंद्रजालचा वेताळ डायनापासून काही लपवत नाही आणि त्यांचं १९७७ साली नीट लग्न लागलं. मेरी जेन तर १९८४ मध्ये पीटरला तोंडावर सांगते की मला केव्हाचं माहीत होतं. तीन वर्षांनी लग्न. ज्यांना आधीपासून ठाऊक असतं त्यांचं बरं चालतं, असं माझं निरीक्षण. मेफिस्टो, म्हणजे तो सौदेवाला सैतान, आडवा आला नाही तर.

आणि आमच्या गावाचं नावच मुळी एका प्रेमप्रकरणात कापलेल्या नाकावरून पडलं असं सांगतात. ती शूर्पणखाही म्हणे रूप पालटून आली होती. पंचवटीतल्या पोरांना हे पहिलीपासून पाठ असतं, उपयोग शून्य.

एक मात्र आधी लिहायला हवं होतं. 'सांगून टाका' हे मी पत्रिका, पगार, आजार, आधीचं मोडलेलं लग्न असल्या गोष्टींबद्दल म्हणतेय. घरात कळलं तर ज्या मुलीला मार बसेल, कोंडून ठेवतील, तिनं जरूर लपवावं, आणि माझं काहीएक ऐकू नये. तिच्या बाबतीत जिवाचा धोका हे कारण खरंच आहे. माझ्या बाबतीत फक्त लाज होती.

माझं लग्न २०१३ मध्ये झालं, रजिस्टर. नोटीस दिल्यावर तीस दिवस थांबावं लागतं. त्या अर्जात जन्मतारीख विचारतात, जन्मवेळेचा रकाना नाही. मी त्या रकान्याच्या जागेकडे बराच वेळ बघत होते, नवरा म्हणाला पेन संपलंय का. त्याला कॉमिक्समध्ये काडीचा रस नाही. सहा-दहा त्याला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं, त्यानं विचारलं, "सकाळचे की संध्याकाळचे?"

वाचायचं असेल तर 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १९४ व्या अंकापासून धरा, तिथं ती पहिल्यांदा येते, वडिलांना तुरुंगातून सोडवायला. मग १९८३-८४ चे 'स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन'. त्यातला ८७ वा चुकवू नका, मुखवटा काढायचा तो हाच. अंकांची मला विनंती करू नका, मी उसने देत नाही. एकदाच दिला होता, गंजलेल्या पिनांचा, मिशावाला. त्याच्याचकडे राहिला. नाशिकच्या कुठल्या रद्दीत दिसला तर मला कळवा, वजनानं घेईन.