अपडेट फसलं तर यंत्र स्वतःच जुन्यावर परतावं

प्रश्न : आमच्या सांवेर रोडच्या युनिटमध्ये सोयाबीन गोदामांतली आर्द्रता नोंदवणारी लिनक्स यंत्रं बनतात. बूटलोडर (वीज येताच लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) यू-बूट आहे. बूटसीएमडीत, म्हणजे तो आपोआप चालवतो त्या आज्ञांच्या ओळीत, तीन आज्ञा अर्धविरामाने जोडल्या आहेत : कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड, डीटीबी (हार्डवेअरचं वर्णन देणारी फाइल) लोड, बूटझेड (कर्नल सुरू करणं). अपडेटनंतर काही यंत्रं यू-बूटच्या प्रॉम्प्टवर अडकतात आणि सीरियल केबल घेऊन देवास-उज्जैन गाठावं लागतं. उपाय सांगा.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : मूळ दुखणं त्या अर्धविरामात आहे. मागची आज्ञा फसली तरी पुढची चालतेच. कर्नल वाचला गेला नसला तरी बूटझेड धावतं, एरर देऊन परततं, बूटसीएमडी संपते आणि यू-बूट कुणीतरी कळ दाबेल म्हणून थांबून राहतं. आज्ञा && ने जोडा, म्हणजे मागची यशस्वी झाली तरच पुढची चालेल, आणि शेवटी ; देऊन रीसेट लिहा.

पण नुसत्या रीसेटने यंत्र गोल गोल फिरत राहील. म्हणून कर्नल आणि रूट विभाजनाच्या (लिनक्सच्या मुख्य फाइली असलेल्या भागाच्या) दोन प्रती ठेवा, अ आणि ब, आणि बूटकाउंट, म्हणजे बूटच्या प्रयत्नांची मोजणी, चालू करा. बूटलिमिट (मोजणीची मर्यादा) ३ असेल तर चौथ्या खेपेला यू-बूट बूटसीएमडीऐवजी ऑल्टबूटसीएमडी ही पर्यायी ओळ चालवतं. तिच्यात क्रमाने : जुनी प्रत निवडा, अपग्रेड_अव्हेलेबल (नवं अपडेट अजून तपासणीत असल्याची खूण) =० आणि बूटकाउंट=० करा, सेव्हएन्व्ह (बदल जपून ठेवणारी आज्ञा), मग बूटसीएमडी. मोजणी एन्व्हायर्नमेंटमध्ये (यू-बूटच्या जपून ठेवलेल्या सेटिंगमध्ये) ठेवली असेल तर अपग्रेड_अव्हेलेबल=१ असतानाच ती फ्लॅशवर लिहिली जाते, त्यामुळे रोजच्या बूटने फ्लॅश झिजत नाही. पावसाळ्यात वीज सारखी जाते तिथे लिमिट ५ ठेवा. एरवी चांगलं अपडेटही लागोपाठच्या खंडितपणाने मागे फिरतं.

'बूट यशस्वी' हा शिक्का लिनक्स सुरू होताच मारू नका. तुमचं ॲप चालू होऊन सर्व्हरला पहिली नोंद पोचली की मगच एफडब्ल्यू_सेटएन्व्हने (लिनक्समधून यू-बूटची सेटिंग बदलणाऱ्या साधनाने) बूटकाउंट आणि अपग्रेड_अव्हेलेबल हे दोन्ही आकडे शून्य करा.

कर्नल सुरू होऊन अडकला तर ही मोजणी एकटी पुरत नाही, कारण रीसेटच होत नाही. बूटआर्ग्समध्ये (कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) पॅनिक=१० द्या, म्हणजे पॅनिक (कर्नलची न सावरणारी चूक) झाल्यावर दहा सेकंदांनी यंत्र रीसेट होईल; मूळ सेटिंगमध्ये बहुधा शून्य असतं, म्हणजे कायमचं थांबणं. शिवाय रूटवेट (रूट विभाजन दिसेपर्यंत थांब ही सूचना) दिलेलं असेल आणि रूट विभाजन सापडलंच नाही, तर पॅनिकही होत नाही, कर्नल वाट पाहत राहतो. तिथे हार्डवेअर वॉचडॉगच (ठरावीक वेळेत खूण मिळाली नाही तर यंत्र रीसेट करणारा टायमर) लागतो आणि तो यू-बूटमध्येच सुरू करा. मात्र लिनक्सचा ड्रायव्हर ॲप येईपर्यंत त्याला स्वतः थोपटत (सगळं ठीक असल्याची खूण देत) राहू शकतो, कर्नलला वॉचडॉग.ओपन_टाइमआउट=१२० देऊन त्यावर मर्यादा घाला.

प्रश्न : वीज गेल्यावर कधी 'बॅड सीआरसी' (जपलेल्या माहितीची पडताळणी बेरीज जुळत नसल्याचा एरर) येऊन सगळं एन्व्हायर्नमेंट मूळ सेटिंगवर जातं.

उत्तर : सेव्हएन्व्ह चालू असताना वीज गेली की एकुलती प्रत अर्धवट राहते. रिडंडंट (दोन प्रतींचं) एन्व्हायर्नमेंट चालू करा, दोन्ही प्रती वेगवेगळ्या इरेज ब्लॉकमध्ये (फ्लॅशच्या एकदम पुसल्या जाणाऱ्या भागांत). लिनक्सच्या साधनांना या प्रतींची जागा सांगणाऱ्या एफडब्ल्यू_एन्व्ह.कॉन्फिगमध्येही दोन ओळी हव्यात. एकच ओळ राहिली तर लिनक्सकडची साधनं फ्लॅगच्या बाइटशिवाय (कोणती प्रत ताजी ते सांगणाऱ्या खुणेशिवाय) लिहितात आणि वीज न जाताही तोच एरर येतो.

माल पाठवण्याआधी तीन चाचण्या कराच : नव्या कर्नलवर शून्यं लिहा, रूट विभाजनाचं नाव चुकवा, ॲप मुद्दाम गोठवा. तिन्ही वेळा यंत्र हात न लावता जुन्या प्रतीवर आलं पाहिजे.