निरोपाच्या सभेत डोळे कोरडेच राहिले तर?

"वडिलांना जाऊन तीन आठवडे झाले. रविवारी त्यांची स्मृतिसभा आहे, घरच्यांनी मलाच बोलायला सांगितले आहे आणि मला अजून एकदाही रडू आलेले नाही," एवढे एका दमात सांगून माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या त्या बाई गप्प झाल्या. वय पंचेचाळिशीचे, वडिलांच्या आजारपणाचे अकरा महिने त्यांनी जवळजवळ एकटीने निभावले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) डोळे कोरडे राहिले तर नातेवाईक आपल्याला दगडाच्या काळजाची म्हणतील आणि बोलताना कंठ दाटून आला तर पुढचे शब्दच फुटणार नाहीत, अशी दुहेरी धास्ती त्यांच्या मनात होती. "शोकाच्या मी नक्की कोणत्या पायरीवर आहे?" असेही त्यांनी विचारले.

पायऱ्यांचा हा समज अनेकांना विनाकारण छळतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेले नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि स्वीकार हे पाच टप्पे स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आले होते. मागे राहिलेल्यांनी ते क्रमाने चढावेत असा नियम नाही. त्यापेक्षा शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोबे आणि हेन्क शुट यांनी 1999 मध्ये केलेली मांडणी मला रोजच्या कामात अधिक खरी वाटते: शोकात असलेला माणूस कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, तर कधी कागदपत्रे, घर, नोकरी यांत गुंततो, आणि ही ये-जाच त्याला सावरते. या बाई गेले तीन आठवडे दुसऱ्या बाजूलाच होत्या, कारण ती कामे करणारे दुसरे कोणी नव्हते. शिवाय दीर्घ आजारात घरची माणसे मृत्यूच्या आधीपासूनच शोक करत असतात. अश्रूंवरून प्रेमाचे माप काढता येत नाही, हे मी त्यांना अगदी स्पष्ट शब्दांत सांगितले.

त्यानंतर मात्र माझी चूक झाली. वडिलांचे गुण लिहून आणा, असे मी सुचवले. त्यांनी आणलेला कागद निष्ठा, शिस्त, परोपकार अशा शब्दांनी भरलेला होता आणि तो वाचताना त्यांचा आवाज एखादे परिपत्रक वाचावे तसा सपाट होता. मी कागद बाजूला ठेवला आणि विचारले, "ते गेल्यावर घरात कोणती गोष्ट थांबली?"

त्या बराच वेळ विचार करत राहिल्या. मग त्यांनी सांगितले की, वडील दर महिन्याच्या एक तारखेला स्टुलावर चढून विजेच्या मीटरवरचा आकडा वाचत आणि निळ्या शाईने एका वहीत उतरवत. गरज काहीच नव्हती, बिल आपोआप येतच असे. आजारपणात अक्षर थरथरू लागले, तरी त्यांनी एकही महिना चुकवला नाही. मुलीने आकडा मोठ्याने वाचायचा आणि त्यांनी अंथरुणातून लिहायचा. आता वहीत एक रकाना कोरा होता. हे सांगताना त्यांचा हात नकळत लिहिल्यासारखा हलत होता.

"सभेत हेच सांगा," मी म्हणाले, "आणि जमल्यास लोकांना नव्हे, त्यांनाच उद्देशून सांगा." त्यावर त्या दचकल्या. निरोपाचे शब्द उच्चारले की सगळे कायमचे संपेल, ही त्यांची खरी भीती तेव्हा बाहेर आली. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांनी 1917 मध्ये शोकाकडे गेलेल्या माणसातून मन हळूहळू सोडवून घेण्याचे काम म्हणून पाहिले आणि तो विचार दीर्घकाळ टिकला. पण 1990 च्या दशकापासून अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले आहे की नाते रूप बदलून चालू राहते आणि ते तसे राहण्यात काहीही अस्वाभाविक नाही. निरोप द्यायचा असतो तो त्या माणसाच्या सहवासाला.

बाकीची तयारी साधी होती. मजकूर एका पानाचा, मोठ्या अक्षरांत; घरी दोनदा मोठ्याने वाचायचा; दुसरी प्रत भावाकडे, म्हणजे आवाज थांबला तर तो पुढे वाचेल. नऊ वर्षांच्या मुलाला सभेला न्यावे का, असे त्यांनी विचारले. तिथे काय घडेल हे त्याला आधी नीट सांगा, तो हो म्हणाला तर न्या आणि त्याला मध्येच उठायचे झाले तर सोबत जाईल असे एक माणूस ठेवा, असे मी सांगितले. महिने उलटूनही ओढ तितकीच तीव्र राहिली आणि रोजचे जगणे ठप्प झाले, तर ती दीर्घकालीन शोकविकार ही वेगळी अवस्था असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात तिच्यासाठी किमान 6 महिन्यांची अट आहे. तीन आठवड्यांत कोणी स्वतःवर असे लेबल लावू नये.

सभेत त्या शेवटपर्यंत बोलल्या, डोळे कोरडेच होते आणि त्यांना कोणी काही म्हटले नाही. नंतरच्या एक तारखेला त्या स्टुलावर चढल्या, आकडा मोठ्याने वाचला आणि तो लिहून घ्यायला खाली कोणी नाही हे लक्षात येताच तिथेच रडू कोसळले, असे त्यांनी फोनवर सांगितले. किती वेळ, हे मी विचारले नाही. आकडा त्यांनी उतरवला होता, आणि पुढच्या महिन्याचा रकाना मुलाने आखून ठेवला होता.