गरीब कुटुंबांच्या हातात थेट पैसे दिले तर मुलांची गरिबी खरंच कमी होते का?

होते, आणि फार झटकन होते. अमेरिकेचंच बघा. २०२१ साली तिथे मुलांमागची करसवलत वाढवली: सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३,६०० डॉलर, त्याहून मोठ्यांसाठी ३,०००. त्यातली निम्मी रक्कम जुलै ते डिसेंबर दरमहा हप्त्यांनी हातात. खरी गंमत म्हणजे ज्यांची कमाई शून्य, त्यांनाही पूर्ण पैसे. आधी सगळ्यात गरिबांनाच कमी मिळायचे! त्या वर्षी पूरक मोजणीनुसार (सरकारी मदत आणि करसवलतही उत्पन्नात धरणारी मोजणी) बालगरिबी ५.२ टक्क्यांवर आली. वाढीव सवलत संपली आणि पुढच्याच वर्षी आकडा १२.४. आईबाप तेच, फक्त धोरण बदललं.

‘पैसे दारूत उडवतील’ हा आक्षेप हमखास येतो. अनेक देशांतल्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. पैसे बहुतेक खाणं, भाडं, वह्या-कपडे यांतच जातात.

माझ्या मते घोळ होतो तो निवडीत. ‘फक्त खऱ्या गरिबांनाच’ म्हटलं की दाखले आले. दाखल्यासाठी आई रांगेत उभी राहते, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि एक शिक्का कमी म्हणून परत पाठवतात. दुसऱ्यांदा ती येतच नाही. म्हणून सरसकट बालभत्ता महाग वाटला तरी गरजूंपर्यंत जास्त पोचतो.

अटींचं म्हणाल तर ब्राझीलने २००३ पासून ‘बोल्सा फमिलिया’ या गरीब कुटुंबांना पैसे देणाऱ्या योजनेत शाळेतली हजेरी आणि लसीकरणाची अट ठेवली. चालतं तेही, पण शाळा नि दवाखाना आवाक्यात असतील तरच.