‘प्रिकेट’ म्हणजे नक्की काय, आणि त्यावर हसायचं का?

तुम्ही विचारलंय की शेक्सपिअरच्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या नाटकात प्रिकेट, सोरेल, सोर हे हरणाच्या वयाचे शब्द का येतात आणि तळटीपेत ‘चावट श्लेष’ असं का लिहिलेलं असतं.

आमच्याकडे शर्यतीच्या बैलाचं वय कोणी वर्षांत सांगत नाही. आदत, दुसा, चौसा, बस्स. आपण दात मोजतो, इंग्रज शिकारी शिंगं बघायचे. नर हरणाची शिंगं दरवर्षी गळून नवी, बहुधा आधीपेक्षा मोठी येतात. त्यावरून ठिपकेवाल्या फॅलो हरणाची ही चढण लागते: पहिल्या वर्षी फॉन, दुसऱ्या वर्षी प्रिकेट, मग सोरेल, सोर, पाचव्या वर्षी ‘बक ऑफ द फर्स्ट हेड’ आणि सहाव्यापासून नुसता बक. लाल हरणाची यादी वेगळी. त्यात पाचव्या वर्षीचा तो स्टॅग, सहाव्याचा हार्ट.

प्रिकेटला फाटे नसलेली दोन सरळ टोकं असतात. प्रिक म्हणजे टोचणं, टोक. पण त्याच शब्दाचा पुरुषाच्या अवयवासाठीचा वापर शेक्सपिअरच्या काळीही चालू होता. म्हणून राजकन्येने प्रिकेट मारला यावर पंतोजी होलोफर्निस कविता रचतो तेव्हा प्रेक्षक हसणारच. सोर म्हणजे जखमही, आणि तिला रोमन पन्नासचा एल जोडला की सोरेल! मला मात्र त्याच्या आधीचा विनोद जास्त आवडतो. पंतोजी लॅटिनमध्ये ‘हाउद क्रेदो’ म्हणतात, म्हणजे ‘मला नाही वाटत’. शिपाई डल समजतो, ही हरणाचीच एखादी जात. तो अडून बसतो: हाउद क्रेदो नव्हतं हो ते, प्रिकेट होतं.

रास्कलची गंमत उलटी आहे. मूळ अर्थ हलकीसलकी गर्दी, मग कळपातलं मारायच्या लायकीचं नसलेलं रोडकं हरण, आणि आता बदमाश. बकचा अठराव्या शतकात छानछोकी करणारा तरुण झाला. आपणही माजलेल्या पोराला खोंड म्हणतोच की.

स्टॅग तर तुम्हाला रोज भेटतो. आयपीओचे शेअर घेऊन नोंदणीच्या दिवशीच विकून मोकळा होणारा तो स्टॅग, आणि जोडीदाराशिवाय आला म्हणून क्लबच्या दारावर अडवला जाणाराही स्टॅगच.