सिलिंडर १४ किलोचा, धूर ४३ किलोचा?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत शिकते. स्वयंपाकाच्या गॅसमधील ब्युटेनच्या ज्वलनाचे समीकरण संतुलित करताना तिला ऑक्सिजनचे साडेसहा रेणू लागले. रेणू अर्धा असू शकतो का? शिवाय १४.२ किलो गॅस जळाल्यावर सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, असे तिचे उत्तर आहे. ते मला पटत नाही. तिचे कुठे चुकले?

उत्तर : आपल्या मुलीचे कुठेही चुकलेले नाही. ब्युटेनच्या एका रेणूत कार्बनचे ४ आणि हायड्रोजनचे १० अणू असतात. त्यांपासून कार्बन डायऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ५ रेणू तयार होतात व त्यांसाठी ऑक्सिजनचे ८ आणि ५ मिळून १३ अणू लागतात. हवेतील ऑक्सिजनचे अणू जोडीनेच वावरतात, म्हणून साडेसहा. अर्धा रेणू अर्थातच नसतो, पण सर्व संख्या दुप्पट केल्या की ब्युटेनचे २, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १० असा हिशेब जुळतो. या टप्प्यावर पुष्कळ विद्यार्थी सूत्रातला पादांकच (अणूंची संख्या दाखवणारा खालचा छोटा आकडा) बदलून मोकळे होतात. तसे केले तर पाण्याच्या जागी हायड्रोजन पेरॉक्साइड येऊन बसते आणि समीकरण दुसऱ्याच अभिक्रियेचे होते.

आता वजनाकडे वळू. सहगुणक, म्हणजे समीकरणात सूत्राआधी लिहिलेले आकडे, रेणूंची संख्या सांगतात, वजन नव्हे. वजनासाठी रेणुवस्तुमानाने गुणावे लागते. मोल म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड मोठी संख्या. ब्युटेनचा १ मोल म्हणजे ५८ ग्रॅम. तो पूर्ण जळण्यास साडेसहा मोल, म्हणजे २०८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो (मोलच्या हिशेबात साडेसहा खुशाल चालतात), आणि १७६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड व ९० ग्रॅम पाणी मिळते. दोन्ही बाजूंची बेरीज २६६ ग्रॅमच भरते. याच प्रमाणात १४.२ किलोला १७६ ने गुणून ५८ ने भागल्यास ४३.१ किलो येतात. आपल्याला खटकलेले जास्तीचे वजन हवेतून आलेल्या सुमारे ५१ किलो ऑक्सिजनचे आहे. त्याचे पैसे आपण भरत नाही, म्हणून तो लक्षातही येत नाही. याशिवाय सुमारे २२ किलो पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. थंड पाण्याने भरलेले पातेले शेगडीवर ठेवताच त्याच्या बाहेरून क्षणभर दव धरते, ते बव्हंशी हेच पाणी.

घरगुती सिलिंडरमध्ये निव्वळ ब्युटेन नसून प्रोपेनही मिसळलेला असतो, परंतु सगळा गॅस प्रोपेन धरला तरी उत्तर ४२.६ किलो येते. हे सारे हवा पुरेशी आहे असे मानून झाले. बर्नरची भोके तुंबून हवा कमी पडली, तर ऑक्सिजन आधी संपतो आणि उत्पादिते किती मिळणार हे गॅसऐवजी तोच ठरवतो. ज्योत पिवळी होते, भांड्याच्या बुडाला काजळी धरते, विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि कार्बन डायऑक्साइड ४३ किलोंपेक्षा कमीच भरतो.